एक जूनला जन्मलेल्या बायका

इकडे ये गं, अशी जवळ बस. दारातल्या खुर्चीवर टेकून काय ऐकणार तू? आणि तो फोन उलटा ठेव आधी. रिपोर्ट हातात पडला की तुम्ही पोरी आकडा बघता, त्यापुढचा बाण खाली आहे का वर ते बघता, आणि थेट रडायलाच बसता. आकडा कशाचा, तो काढला कुणी, कशावरून काढला, हे एकीलाही विचारावंसं वाटत नाही. एवढ्या शिकलेल्या तुम्ही, लाज वाटायला हवी.

माझ्याकडे येणाऱ्या मुलींना मी अशीच दटावते. आता दिवाळी अंकासाठी कामाबद्दल लिहा म्हणाले, तेव्हा वेगळा आवाज कुठून आणू? बोलते तसंच लिहिते.

मी सातवी पास. नवरा गिरणीत साचेवाला होता. संप सुरू होऊन सहा महिने झाले, घरात भांड्यांचा आवाजही बंद झाला, तेव्हा मी दादरच्या एका डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात लागले. काम झाडलोट, बायकांना टेबलावर चढवणं, उतरवणं. संप संपला असं कुणी कधी सांगितलं नाही, तो नुसता विरत गेला, आणि मी तिथेच राहिले. औषधांच्या खोक्यांवरून इंग्रजी अक्षरं शिकले. पुढे बाईंनी सोनोग्राफीचं यंत्र आणलं, मूल होत नाही म्हणून येणाऱ्या बायका वाढल्या आणि माझ्या हातात झाडूऐवजी वही आली.

वहीचं काम असं. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बाई पडद्यावर अंडाशय बघायच्या आणि मोठ्याने सांगायच्या, उजवीकडे चार, डावीकडे तीन. मी लिहायची. ते चार आणि तीन म्हणजे काय ते पहिली दोन वर्षं मला कळलं नव्हतं. मग एके दिवशी मान वळवून मीच पडद्यात बघितलं. आमच्या मालवणी घरात घावन घालतात बघा, तव्यावर पीठ पडलं की त्याला बारीक बारीक जाळी सुटते. तसंच. राखाडी गोळ्यात काळी गोल भोकं. प्रत्येक भोकात डोळ्याला न दिसणारं एक अंडं.

मी बाईंना विचारलं, म्हणजे हिच्याकडे सातच अंडी उरलीत? बाई हसल्या नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. हात धुता धुता त्यांनी समजावलं. मुलगी जन्माला येते तेव्हाच आयुष्यभराची अंडी घेऊन येते. नवीन एकही तयार होत नाही. दर महिन्याला त्यातली थोडी वर येतात, एक पुढे जातं, बाकीची विरघळून जातात. आपल्याला दिसतात ती फक्त या महिन्यात वर आलेली. कोळीण टोपली डोक्यावरून उतरवते, वरचं फडकं बाजूला करते, वरचे बांगडे दिसतात. खाली किती आहेत ते तिला विचारावं लागतं. इथे विचारायला कोण आहे? वरच्यांवरून खालच्यांचा अंदाज, एवढाच धंदा आमचा.

पुढे रक्ताची एक तपासणी आली, एएमएच म्हणतात ती. त्या बारीक भोकांतून एक रस रक्तात उतरतो. रस जास्त तर साठा बरा, कमी तर कमी. पण भोकं काय, रस काय, दोन्ही सांगतात ते फक्त किती. त्यातली धड किती, हे सांगणारी एकच गोष्ट. वय. पस्तिशीतल्या बाईची सात आणि बेचाळिशीतल्या बाईची सात, पडद्यावर अगदी जुळ्या बहिणी दिसतात. पुढे काय होतं ते सारखं नसतं. म्हणून आमच्या वहीत पहिला रकाना वयाचा.

या वह्यांचं भाग्य केतकीने उघडलं. केतकी माटुंग्याची, संगणक शिकलेली, बाईंच्या मैत्रिणीची मुलगी. एक दिवस आली आणि म्हणाली, मावशी, तुमच्या सगळ्या वह्या मला द्या. मी म्हटलं, परत आणशील ना? तिने त्या वर्षभर बसून संगणकात भरल्या. वय, भोकं, रस, वजन, अंडी पिकवायची इंजेक्शनं किती दिली, अंडी किती निघाली, गर्भ किती झाले. मग त्यातून तिने एक अंदाज सांगणारं गणित बसवलं. ती त्याला मॉडेल म्हणायची, मी यंत्र. नवीन बाईचे आकडे घातले की ते दोन गोष्टी सांगायचं. इंजेक्शनं दिली तर अंडी साधारण किती मिळतील, आणि त्यातून एक तरी चांगला गर्भ होण्याची आशा किती.

मी घाबरले नाही. मला फार कुतूहल वाटलं. कारण इतकी वर्षं मीही तेच करत होते, फक्त कुणाला सांगत नव्हते. बाई चार-तीन म्हणाल्या की माझ्या मनात आकडा यायचा, हिची पाच निघणार. केतकीला हे कळल्यावर तिने खेळच लावला. मी माझा आकडा चिठ्ठीवर लिहून कॅलेंडरच्या खिळ्याला लावायचा, तिचं यंत्र त्याचं सांगणार, अंडी काढली की बघायचं. कधी मी जिंकायची, जास्त वेळा यंत्र. एका बाईला घावनाची नुसती जाळीच जाळी होती. मी हरखून मोठा आकडा लिहिला, यंत्राने निम्मा सांगितला, आणि यंत्राचं खरं झालं. केतकी म्हणाली, मावशी, तुम्ही आशेने लिहिता. मी म्हटलं, मग आणखी कशाने लिहायचं असतं?

एका बाईपुढे मात्र यंत्र पार चुकलं. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीतली, चांगली नोकरी करणारी. यंत्र म्हणे नऊ, निघाली तीन. केतकी दोन दिवस गणित तपासत बसली. मी त्या बाईला चहा दिला आणि सहज विचारलं, दहावी कितव्या साली गं? तिने साल सांगितलं आणि मग तिच्याच लक्षात आलं. चार वर्षं वय कमी सांगितलं होतं तिने. नवऱ्याला ठाऊक नव्हतं ती त्याच्याहून मोठी आहे ते, आणि फॉर्म भरताना नवरा शेजारी बसलेला. मी तिला म्हटलं, बाई, नवऱ्यापासून लपव, सासूपासून लपव, पण इंजेक्शन देणाऱ्यापासून वय लपवतात होय?

तेव्हापासून डॉक्टरबाईंनी नियम केला. तोंडी वय घ्यायचं नाही. शाळेचा दाखला, आधार कार्ड, जे असेल ते बघून लिहायचं. नियम चांगलाच होता. त्याच्या जोडीला दुसरा नियम, यंत्राने सांगितलेली आशा एका रेघेच्या खाली असेल तर स्वतःच्या अंड्यांनी उपचार सुरू करायचे नाहीत, दुसऱ्या बाईचं अंडं घ्यायचा विचार करा म्हणून समजवायचं. यातही बाईंचा काही वाईट हेतू नव्हता. उगीच इंजेक्शनं टोचून घेऊन मोडून पडलेल्या बायका त्यांनी खूप बघितल्या होत्या.

आणि मग सुषमा आली.

सुषमा आमच्या लालबागच्या चाळीतली, आमच्या दाराला लागून जी खोली होती तिथली. लग्न होऊन ती माहीमला गेली, आई तिची आधीच वारली होती, वडील गावी जाऊन तिथेच संपले. भावंड नाही. माझ्या ओळखीने ती आली. त्याच्या वर्षभर आधी ती दुसऱ्या दवाखान्यात गेली होती, तिथे त्यांनी कागद बघूनच सांगितलं होतं, चाळीस पूर्ण, तुमच्या अंड्यांनी जमणार नाही. आमच्याकडे आली तेव्हा आधार कार्डावर एकेचाळीस. जन्मतारीख एक जून.

पडद्यावर उजवीकडे चार, डावीकडे तीन. केतकीने आकडे घातले. यंत्र म्हणालं चार अंडी, आणि आशा रेघेच्या खाली. बाईंनी सुषमाला आणि तिच्या नवऱ्याला आत बसवून दुसऱ्या बाईच्या अंड्याबद्दल सांगायला सुरुवात केली. मी पाणी घेऊन गेले. सुषमा माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, “मावशी, एकदा माझ्याच अंड्याने करून बघू द्या म्हणावं. एकदाच. मग मी काही मागणार नाही.”

मी बाहेर येऊन वहीत वय लिहायला बसले. एकेचाळीस. पेन टेकवलं आणि हात पुढे जाईना.

आता मी केलेलं सांगते. संपाचं दुसरं वर्ष. सुषमाची आई पार्वतीवैनी दादरला चार घरची भांडी घासायला जायला लागली. पोर लहान, घरी ठेवायला कुणी नाही, बाप दिवसभर सभांना. जूनमध्ये पार्वतीवैनी माझ्या दारात आली. “गो, तुका वाचूक येता, तूच चल मास्तराकडे. तिका शाळेत घालूया. दुपारपर्यंत तरी चार भिंतीत ऱ्हवात.” जन्माचा दाखला कुणी आणून ठेवला नव्हता. पोर चार वर्षांचीही नव्हती. मी मास्तरांना सांगितलं, सहा पूर्ण.

मास्तरही कच्चे नव्हते. त्या वेळी मुलाचं वय बघायची एक रीत होती. डोक्यावरून हात न्यायचा आणि पलीकडच्या बाजूचा कान पकडायचा. कान हाताला लागला तर मूल शाळेच्या वयाचं. तेही एक अंदाजाचं गणितच की. सुषमाचा हात कुठला पोचतोय, कानापासून चार बोटं लांब राहिला. मी तिच्या मागे उभी होते. मास्तरांनी दौतीकडे बघितलं तेवढ्यात मी तिची मान हळूच कलती केली आणि हाताला कोपराखालून टेकू दिला. कान लागला. मास्तरांनी लिहिलं एक जून. दाखला नसलेल्या सगळ्यांचीच एक जून लिहायचे, शाळा जूनमध्ये सुरू होते, मोजायला सोपं. त्या एका लिहिण्याने पोर सव्वादोन वर्षांनी मोठी झाली.

चाळीत वाढदिवस कोण करत होतं? पार्वतीवैनी गेली. मास्तर गेले असतील. ते खोटं माहीत असलेली जगात एकटी मी उरले होते, आणि मीसुद्धा ते विसरले होते, कारण ते मला खोटं वाटलंच नव्हतं. चांगलं काम केलं असंच वाटत आलं होतं. पोर गॅलरीत एकटी रडली नाही, शाळेत गेली, पुढे बँकेत लागली. मी चारचौघांत सांगायची, हिला शाळेत मी घातली.

मी आत गेले आणि बाईंना बाजूला बोलावलं. म्हटलं, हिचं वय चुकलंय. खरं अडतीस आहे, एकोणचाळीस गौरीला पुरी होतील. बाईंनी विचारलं, कशावरून? मी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला. मग म्हणाल्या, “मावशी, तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण ती अँटॉप हिलची बाई आठवते ना? नियम तुमच्यासाठी मोडला तर उद्या प्रत्येकीची एक मावशी निघेल. कागद आणा.”

कागद आणायचा तर आधी सुषमाला सांगणं आलं. आम्ही दोघी दवाखान्यामागच्या खोलीत, जिथे चादरी वाळत घालतो, तिथे बसलो. मला वाटलं होतं ती खूश होईल, दोन वर्षं मिळाली म्हणून. किंवा चिडेल, तो मागच्या वर्षीचा नकार आठवून. मी मान कलती केल्याचं सांगितलं तेव्हा तिचा हात आपोआप डोक्यावरून कानाकडे गेला. मग ती म्हणाली, “तिसरीपर्यंत मला धड वाचता येत नव्हतं मावशी. शाळेतल्या बाई मला ढ म्हणायच्या. आई मारायची. मी खेळात सगळ्यांच्या मागे.” मग माझ्याकडे वळली. “म्हणजे मी ढ नव्हते? लहान होते फक्त?”

मी वाळत घातलेल्या चादरीचं टोक धरून बसले.

मग तिनेच नाक पुसलं आणि विचारलं, तुला साल नक्की आठवतं का? नक्की. माझ्या लग्नानंतरचे पहिले गणपती. मी नवी नवरी, गौरीच्या दिवशी नऊवारी नेसायला शिकत होते आणि पलीकडच्या खोलीत पार्वतीवैनीच्या कळा सुरू झाल्या. तिला परळच्या बाजूच्या महापालिकेच्या प्रसूतिगृहात नेली, मी नेसूचं लुगडं सावरत जिन्यापर्यंत गेले होते. माझ्या लग्नाची पत्रिका माझ्याकडे आहे, साल त्याच्यावर छापलेलं आहे.

प्रसूतिगृहात जन्म म्हणजे महापालिकेत नोंद असणारच. आम्ही वॉर्डाच्या कचेरीत गेलो. तिथल्या माणसाने नाव विचारलं. मी म्हटलं, नाव नसेल, बारसं नंतर झालं. बापाचं नाव बघा, आईचं बघा, भाद्रपद बघा. दोन खेपा झाल्या. तिसऱ्या खेपेला त्याने जुनं मोठं रजिस्टर उघडून आमच्याकडे फिरवलं. बापाचं नाव, पार्वतीवैनीचं नाव, चाळीचा पत्ता. नावाच्या जागी नुसतं ‘मुलगी’. सुषमाने त्या शब्दावर बोट ठेवलं आणि ते उचलेना. तो माणूस म्हणाला, “ताई, शाई जुनी आहे, पुसेल.” तेव्हा उचललं.

ती नोंद बाईंनी बघितली. केतकीने एकेचाळीसच्या जागी अडतीस घातलं. बाकी एक आकडा बदलला नाही, तीच सात भोकं, तोच रस, तेच वजन. यंत्र म्हणालं पाच अंडी, आणि आशा रेघेच्या थोडी वर. थोडीच. पण वर. मला तेव्हा एक विचार आला तो अजून जात नाही. अंडाशयाला कुठे ठाऊक होतं मास्तरांनी काय लिहिलंय ते? ते आपलं गौरीच्या दिवसापासून आपल्या हिशेबाने चाललं होतं. चुकत होते ते बाहेरचे सगळे, आम्ही, कागद, यंत्र.

केतकी मात्र दुसऱ्याच काळजीत पडली. मीच तिला म्हटलं होतं, पोरी, तुझ्या संगणकात एक जूनला जन्मलेल्या बायका किती आहेत ते बघ जरा. तिने बघितलं आणि पडदा माझ्याकडे वळवला. वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक बारकी काडी, त्या दिवशी जन्मलेल्यांची. सगळ्या काड्या बोटभर, आणि एक जूनला आकाशात गेलेला गिरणीचा भोंगा. म्हणजे चिमणी म्हणायचं मला, जिच्यातून धूर निघतो ती. केतकी कपाळाला हात लावून बसली. म्हणाली, मावशी, यंत्र या वयांवरच शिकलंय.

मग आम्ही दोघींनी फोन घेतले. जुन्या बायकांना एकेक करून विचारायला लागलो, पण वय विचारलं नाही. मी विचारायची, संप झाला तेव्हा तू चालत होतीस का कडेवर होतीस? बाबा कामावर जाताना आठवतात का घरी बसलेलेच आठवतात? आई तुला घेऊन गावी गेली तेव्हा तिथे शाळेत कितवीत बसवलं? गिरणगावातल्या बाईला साल आठवत नाही, पण बापाच्या हातातला डबा कधी बंद झाला ते बरोबर आठवतं. कुणाची वयं वाढली, कुणाची कमी झाली. गावी दोन वर्षं वाया गेलेल्यांना तिथल्या मास्तरांनी लहान करून खालच्या वर्गात बसवलेलं. सगळ्यांचा छडा लागला नाही. ज्यांचा लागला त्यांची वयं केतकीने दुरुस्त केली, आणि फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न घातला: ही जन्मतारीख तुम्हाला कुणी सांगितली? तुम्ही आता ज्या फॉर्मवर हसता ना, हा काय प्रश्न म्हणून, तो तिथून आलाय.

सुषमाचे उपचार सुरू झाले. मी चिठ्ठीवर सहा लिहिलं आणि निघाली सहाच. यंत्र हरलं, मी जिंकले, पण त्या दिवशी खिळ्यावरची चिठ्ठी मी कुणाला न दाखवता काढून घेतली. सहातून दोन गर्भ झाले. पहिला ठेवला, रुजला नाही. दोन महिन्यांनी दुसरा ठेवला. तोही नाही रुजला.

तो दुसरा रिपोर्ट मीच तिच्या हातात दिला. तिच्या नवऱ्याने तोंड फिरवलं. मी आधी ठरवून ठेवलेलं सगळं विसरले आणि म्हटलं, सुषमा, मी तेव्हा तसं केलं नसतं तर मागच्या वर्षीच तुला कुणी नाही म्हटलं नसतं. ते एक वर्ष माझ्यामुळे गेलं. केतकीला मी सदतीस, म्हणजे तिचं मागच्या वर्षीचं खरं वय, घालून बघायला सांगितलं होतं. ती दाखवत नव्हती, मी हट्टाने बघितलं. आशा थोडी वर होती. थोडीच, पण होती. हे तिला सांगावं की नाही मला कळत नव्हतं, तरी सांगितलं. एकदा खोटं बोलून झालं होतं तिच्या बाबतीत, दुसऱ्यांदा नको.

तिने रिपोर्टची घडी घातली. मग म्हणाली, “तू मान वाकवली नसतीस तर मी गॅलरीत बसून राहिले असते गं, आई येईपर्यंत. ते पण एक वर्ष गेलंच असतं.” आणि पर्समध्ये कागद ठेवता ठेवता म्हणाली, “ह्या वेळचं ‘नाही’ माझं स्वतःचं आहे मावशी. मागच्या वेळचं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं. माझं आहे ते मी घेऊन जाते.”

दुसऱ्या बाईचं अंडं तिने घेतलं नाही. दोघांनी मिळून ठरवलं, आता बास. मी काम सोडल्याला बरीच वर्षं झाली. केतकीचं यंत्र आता माझ्यापेक्षा किती पुढे गेलंय, मला त्यातलं निम्मं कळत नाही, तरी ती महिन्यातून एकदा येऊन बसते आणि मी विचारते, आता ते कुठे चुकतं ते सांग. चुकतं कुठे ते ऐकायलाच मला आवडतं.

आणि सुषमा येते गौरीच्या दिवशी. वॉर्डाच्या रजिस्टरातल्या तारखेपासून गौरी दरवर्षी आठ-पंधरा दिवस पुढे-मागे होते, पण ती म्हणते मला गौरीच चालते. त्या दिवशी मी वडे आणि काळ्या वाटाण्याचं सांबार करते, तिच्या आईच्या हातचं तिखट मला जमत नाही, ते ती दरवर्षी तोंडावर सांगते. मग आम्ही तिचं वय मोजतो, मोठ्याने, खरं. येत्या गौरीला तूही ये. रिपोर्ट आणलास तरी चालेल, नाही आणलास तरी चालेल. लवकर ये मात्र, माझ्या दिवसांची मोजदाद आता माझ्या हातात नाही, आणि वडे गरम असतानाच खायचे असतात.